सहा सूत

१

मोतीलाल कुठलाही साज अर्धाच मोजायचा. बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात त्याचं दुकान होतं. पेटी, सतार, तंबोरा, जे येईल ते दुरुस्त करून द्यायचं. साजाच्या पुढच्या फळीला मधोमध सांधा असतो. त्या सांध्यावर दोरीची गाठ धरायची, काठापर्यंत न्यायची, आकडा घ्यायचा आणि दुप्पट करायचा, की झालं काम! लाकूडकाम करणारे बहुतेक असंच करतात. फर्मासुद्धा अर्धाच कापतात आणि उलटा टाकून दुसरी बाजू आखतात. देवानं माणूस दोन्हीकडून सारखा घडवलाय, मग कारागिरानं दोनदा कशाला मोजायचं, असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा. गिऱ्हाईकही मान डोलवायचं.

एकोणपन्नास सालच्या वैशाखात, एका सोमवारी, त्याच्या दारात टांगा थांबला आणि खंडव्याहून आलेला नाझर खाली उतरला. त्या दिवसांत संस्थानं एकामागून एक सरकारात विलीन होत होती. तापीपलीकडचं एक छोटं संस्थान नुकतंच गेलं होतं आणि राजवाड्यातल्या चमच्यापासून हत्तीच्या झुलीपर्यंत सगळ्याची यादी करायचं काम या बिचाऱ्या नाझराच्या गळ्यात पडलं होतं. टांग्यात लाकडाचे दोन लांबोडके खोके होते.

"मोतीलालजी, दोन नग आहेत. गिटार," घाम पुसत नाझर म्हणाला. "यादीत लिहिलंय, जंबो गिटार, विलायती, नग एक. आणि निघाले दोन! एक जुन्या खटल्यातला जप्त माल, कचेरीच्या कपाटात होता. दुसरा परवा सापडला, राजवाड्यात बिलियर्डच्या टेबलाखाली. आता असली कोणता, संस्थानचा कोणता, हे तुम्हीच सांगा. जुन्या कागदात जाणकार म्हणून तुमचंच नाव आहे."

मोतीलालच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"आरामात बघा. मापं लिहा, सही करून ठेवा. पुढच्या सोमवारी येतो," असं म्हणून नाझर टांग्यात चढला आणि गेलासुद्धा.

२

आता त्या जुन्या कागदांत काय होतं ते ऐका. ऐकल्याशिवाय मोतीलालच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळायचं नाही.

आठ वर्षांपूर्वी संस्थानच्या बँडखोलीतून राजेसाहेबांचा विलायती गिटार गायब झाला. बँडच्या वाद्यांची देखभाल भाईदास नावाचा कारागीर करायचा. त्याच्या घराची झडती झाली आणि तिथे तसाच एक मोठा गिटार सापडला. भाईदास म्हणाला, हा मी माझ्या हातानं बनवलाय, राजेसाहेबांचा समोर ठेवून, त्याच्यावरून बनवलाय. मग ओळख पटवायला बुऱ्हाणपूरहून मोतीलालला बोलावलं.

मोठ्या डब्याच्या गिटारात नवखा माणूस हमखास फसतो. तो नुसती खालची रुंदी बघतो. सोळा इंच म्हणजे मोठा, सतरा म्हणजे जंबो, संपलं. पण सोळा इंचाचे चौकोनी अंगाचेही असतात, खांदे रुंद आणि कंबर जवळजवळ नाहीच. जंबोची कंबर आत गेलेली असते आणि खालचा भाग गोल भरलेला. म्हणून आधी कंबर बघायची, मग खांदा, मग खालची रुंदी, शेवटी खोली. राजेसाहेबांचा अस्सल जंबो होता, खाली पुरा सतरा इंच. भाईदासचा घाट हुबेहूब तोच होता. फक्त एक फरक होता. भाईदास खुर्चीवर बसणारा माणूस नव्हता. जमिनीवर मांडी घालून वाजवायचा, आणि तसं बसलं की तो अगडबंब डबा मांडीला अडायचा. म्हणून पठ्ठ्यानं मांडीकडची बाजू पाऊण इंचानं कमी केली होती. कारागिराच्या भाषेत सहा सूत. आठ सूत म्हणजे एक इंच. वरची बाजू साडेआठ इंच, मांडीकडची पावणेआठ. दोन्ही मिळून सव्वासोळा. डोळ्याला फरक दिसत नव्हता, पण बोट फिरवलं की कळायचा.

मोतीलालनं बोट फिरवलं होतं आणि त्याला तो कळला होता. मग त्यानं दोरी घेतली, सांध्यापासून वरच्या बाजूला नेली, साडेआठ घेतले, दुप्पट केले आणि भर कचेरीत सांगितलं, "सतरा इंच. हा राजेसाहेबांचाच."

का सांगितलं? भाईदासची दरबारातली नोकरी त्याला हवी होती. कित्येक वर्षं त्याच्या पोटात ती हाव होती, आणि खटल्यानंतर ती नोकरी त्यालाच मिळाली. भाईदास तिसऱ्या महिन्यात कोठडीत तापानं मेला. कुणी विचारलंच तर मोतीलालकडे उत्तर तयार होतं. बाबा रे, आम्ही अर्धंच मोजतो, चूक झाली असेल. पण कुणी विचारलंच नाही.

३

मंगळवारी सकाळी दुकान उघडायला आला तर पायरीवर गोदाबाई बसलेली. भाईदासची बायको. आता शाहपुरात केळीच्या बागेत मजुरी करायची. अंगानं वाळली होती, डोळे मात्र तेच होते.

"राजेसाहेबाचा सापडला म्हणे, मोतीभाऊ."

"हो वहिनी, असं म्हणतात खरं."

"मंग माझ्या मालकाचा मले द्या. त्याईच्या नावावरचं चोर पुसून टाका. दुसरं काही मांगत नाही मी."

"सरकारी काम आहे वहिनी. मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"मोजा ना. मी बसते इथंच."

आणि ती बसलीच. मोतीलाल चिडला. दोन्ही गिटार त्यानं समोरच्या फळीवर आडवे ठेवले. तारा दोन्हींना नव्हत्या. आधी राजेसाहेबांचा मोजला. या खेपेला, का कोण जाणे, दोन्ही बाजू मोजल्या. साडेआठ, साडेआठ. मग भाईदासचा. वरची साडेआठ, मांडीकडची सात इंच सहा सूत. सव्वासोळा. आठ वर्षं कपाटात पडून त्यात केसाचाही फरक नव्हता.

खरं लिहिलं तर खोट्या साक्षीचा गुन्हा लागणार. तुरुंग. वर अख्खा राजपुरा थुंकणार, एका माणसाला कोठडीत मारलं म्हणून. न लिहिलं तर? दोन गिटार समोर आहेत, एक सतरा आणि एक सव्वासोळा. खंडव्याचा कुणीही सुतार टेप लावून सांगेल. अक्षरशः दगडाखाली हात सापडला होता. त्या दिवशी त्यानं कागद कोराच ठेवला.

"काय आलं?" जाताना गोदाबाईनं विचारलं.

"अजून चाललंय."

४

बुधवारी मांडीकडची बाजू सात इंच सात सूत भरली.

दोरी ताणली गेली असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. दोरी टाकून लोखंडी पट्टी घेतली. सात इंच सात सूत. मग काल हात हलला असेल. चाळीस वर्षांत हलला नव्हता, पण हलला असेल. लाकूड फुगतंही. पण फुगतं ते ओल्या हवेत! बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं, दाराची चौकट आक्रसून फटी पडल्या होत्या. आणि फुगलंच असेल तर शेजारचा का नाही फुगला? राजेसाहेबांचा साडेआठ, साडेआठ, ढिम्म हलला नव्हता.

गुरुवारी पुरे आठ इंच. सांधा उकललेला नव्हता, कडेची पट्टी फाटलेली नव्हती. जुनं पॉलिश वाढलेल्या जागेवरही जुनंच होतं, त्याला बारीक तडेसुद्धा जुने होते. मोतीलालनं फळीवर टिचकी मारून बघितली. मंगळवारी आवाज पोकळ आला होता. आता भरीव, ऊबदार आला, आणि टिचकी थांबल्यावरही थोडा वेळ आत राहिला. बाहेर गल्लीत विणकरांच्या मागांची खटखट चालू होती. त्या आवाजाचाच भास असेल, म्हणून त्यानं दार लोटून घेतलं. आतला आवाज तरीही ऐकू येत होता. श्वास सोडल्यासारखा होता तो.

"अहो," दुपारी जेवताना मालूबाई म्हणाली. मालूबाई म्हणजे त्याची बायको, नजरेची मोठी बारीक. "बंडी काहून अशी लोंबून राह्यली डाव्या अंगाले? उजवीकडून तर बरोबर बसते."

"शिंप्यानं बिघडवली असेल."

"चार वर्षं घालून राह्यले तुम्ही ही बंडी! आताच कशी बिघडली?"

त्यानं घास खाली ठेवला. परसात गेला, बंडी काढली आणि खिशातली दोरी छातीच्या मधल्या हाडावर धरून उजवीकडे काखेपर्यंत नेली. मग तीच दोरी डावीकडे नेली. डावीकडे दोन सूत कमी होते.

तो तिथेच दगडावर बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या दोन्ही बाजू मोजल्या होत्या. जन्मापासून असंच असेल, असं त्यानं मनाला शंभरदा सांगितलं. मन ऐकेना.

५

शुक्रवारी गोदाबाईनं स्वतःहून तोंड उघडलं. रोज दहाच्या ठोक्याला यायची, पायरीवर बसायची आणि टक लावून त्या गिटाराकडे पाहायची. त्या दिवशी म्हणाली, "कोठडीत भेटायले गेली होती ना मी, तवा मालकानं एक निरोप देला होता तुमच्यासाठी."

"आठ वर्षांनी सांगतेस, वहिनी?"

"टाइम आला म्हणून सांगून राह्यली. ते म्हणे, मोतीभाऊले सांग, सतरा म्हणालास ना? मंग भरून दे."

ती उठून गेल्यावर मोतीलालनं पट्टी लावली. आठ इंच एक सूत. स्वतःच्या छातीला दोरी लावली. तीन सूत कमी.

साज आतून बघायला कारागीर आरसा वापरतात. दारातलं ऊन मोठ्या आरशानं डब्यात पाडायचं आणि दांडीचा बारका आरसा भोकातून आत सरकवायचा. मोतीलालनं तसं केलं. आत लाकडाच्या आधारपट्ट्या दिसल्या, भाईदासच्या हातच्या, स्वच्छ रंधा मारलेल्या. काय हात होता त्या माणसाचा! मोतीलालला त्या क्षणीसुद्धा हेवा वाटला. मग त्यानं आरसा मांडीकडच्या बाजूला वळवला.

तिथल्या पट्ट्या सरळ नव्हत्या. पिवळट पांढऱ्या होत्या, वाकलेल्या, आणि दोन पट्ट्यांच्या मधली जागा ओलसर चमकत होती. त्यानं घाबरून श्वास आत ओढला. आतल्या पट्ट्या वर उचलल्या गेल्या. श्वास सोडला तशा त्या खाली बसल्या.

आरसा आतच पडला. तो काढायला मोतीलालचा हात धजावला नाही.

६

माणूस भ्याला की देवाकडे धावतो म्हणतात. मोतीलाल कागदाकडे धावला. शनिवारी सकाळी त्यानं दौत पुढे ओढली आणि लिहिलंसुद्धा, "भाईदासच्या गिटाराचं माप सव्वासोळा इंच. मी आठ वर्षांपूर्वी जाणूनबुजून..." आणि इथे त्याचा टाक थांबला.

कारण त्याच्या डोक्यात हिशेब शिरला. आज आठ इंच दोन सूत. उद्या तीन. परवा सोमवारी चार. आठ इंच चार सूत म्हणजे साडेआठ! दोन्ही बाजू साडेआठ, सतरा इंच, आणि नेमका त्याच दिवशी नाझर येणार. मग कोण म्हणेल मोतीलाल खोटं बोलला? हजार सुतारांनी टेप लावले तरी सतराच भरणार. सुंठीवाचून खोकला जाणार होता. आणि त्याची किंमत काय? सहा सूत. पाऊण इंच! पन्नाशीच्या माणसाला पाऊण इंच बरगडी गेली काय आणि राहिली काय. भाईदासनं स्वतःच सांगितलंय, सतरा भरून दे. देतो बाबा. एकदाचा फिटू दे.

कागद त्यानं फाडला. खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. इतकं, की पायरीवरच्या गोदाबाईला त्यानं चहा विचारला. ती नको म्हणाली.

"तब्येत उतरली तुमची, मोतीभाऊ," ती एवढंच म्हणाली. "खरं लिवून टाका. अजून दोन दिवस हाय."

"मी कधी खोटं लिहिलंय का, वहिनी?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या गिऱ्हाइकानं भाव नाकारावा आणि दुकानदारानं माल शांतपणे आत ठेवावा, तशी तिनं नजर काढून घेतली.

रविवारी त्याला जिना चढताना दम लागला. डाव्या कुशीवर झोपता येईना. मालूबाई रडायला लागली, वैद्याला आणते म्हणाली. तो तिच्यावर खेकसला, "एक दिवस थांब गं! उद्या सगळं बरोबर होतंय."

७

सोमवारी अकरा वाजता नाझर आला. मोतीलालनं दोन्ही गिटार लख्ख पुसून ठेवले होते. डाव्या बाजूला बंडीत फडकं कोंबलं होतं, बाहेरून काही कळू नये म्हणून.

नाझर हुशार निघाला. त्यानं स्वतःचा टेप काढला आणि स्वतः मोजलं, काठापासून काठापर्यंत. राजेसाहेबांचा सतरा. भाईदासचा सतरा. कंबर सारखी, खांदे सारखे, खोली सारखी. टेप गुंडाळत तो म्हणाला, "अजब आहे! दोन्ही असलीच की. म्हणजे राजेसाहेबांनी दोन मागवले असणार आणि कारकुनानं यादीत एकच लिहिला. तुमचं काय म्हणणं?"

"तेच म्हणणं, साहेब." आवाज फार बारीक निघाला. "दोन्ही संस्थानचेच."

"खटला बरोबर होता म्हणजे."

"हो साहेब."

त्यानं सही केली. नाझराच्या शिपायानं दोन्ही गिटार खोक्यांत घातले, झाकणं ठोकली, सुतळी बांधली आणि गाठींवर लाख तापवून सरकारी मोहोर उठवली. मोतीलाल बघत होता. झालं. आठ वर्षांचं ओझं उतरलं होतं. त्याला मोठा श्वास घ्यावासा वाटला, पण तो अर्ध्यातच अडला.

"कुठं जाणार हे?" त्यानं विचारलं.

"खंडव्याच्या गोदामात. तिथून नागपूर. मग कमिटी बसेल, फाइल फिरेल. दहा-पंधरा वर्षं कोण उघडतंय? मोहोर तोडायला वरचा हुकूम लागतो."

टांगा हलला. गोदाबाई पायरीवरून उठून त्याच्याजवळ आली. एवढ्या जवळ ती सात दिवसांत कधी आली नव्हती.

"मोतीभाऊ, तुम्ही खरं सांगितलं असतं ना," ती हळू आवाजात म्हणाली, "तर मी तो आजच घरी नेला असता आणि चुलीत घातला असता. मालकानं तसंच सांगितलं होतं. खरं बोलला तर जाळून टाक, त्याचा पिच्छा सोडतो. खोटं बोलला तर राहू दे कुलपात, मी राह्यलो तसा."

"पण सतरा झाले ना! भरून दिले ना मी!"

"सतरावर थांबते, हे तुम्हीच ठरवलं. मालक कुठं म्हणाले?"

टांगा गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. मोतीलाल धावला. थांबा, साहेब, मी खोटं बोललो, भाईदास माझ्या हातानं मेला, उघडा तो खोका, एवढं सगळं त्याला ओरडायचं होतं. त्यानं तोंड उघडलं, पण ओरडण्यापुरती हवा छातीत मावेना. तोंडातून नुसती फुंकर बाहेर आली. मागांच्या खटखटीत ती त्याची त्यालाही ऐकू गेली नाही. टांगा स्टेशनच्या रस्त्याला वळला.

तो रस्त्यातच गुडघ्यांवर बसला. मालूबाई धावत आली, त्याला उठवायला तिनं काखेत हात घातला आणि एकदम दचकून हात काढून घेतला.

"अहो," ती म्हणाली, "आता उजवीकडूनही?"